आठ खाचांची फळी

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या कुशीत तीन वाड्या होत्या. वरची, मधली आणि खालची. तिघींना पाणी एकाच पाटाचं.

पाण्यावरून भांडणं होत, म्हणून राजाच्या विद्वान प्रधानानं हुकूम लिहून पाठवला: ‘वरच्या वाडीला ०.५, मधलीला ०.३७५, खालचीला ०.१२५. पाटात फळी बसवून तिला तेवढ्या खाचा पाडाव्या. फळी बसेपर्यंत सारं पाणी वरच्या वाडीचं.’

गावकऱ्यांनी अर्थ विचारला तेव्हा हुकूम आणणारा म्हणाला, “हजार भाग करा. त्यातले पाचशे, पावणेचारशे आणि सव्वाशे.”

सुतार कामाला लागला. पण दोन हात रुंद फळीवर हजार खाचा मावतात होय? शंभरावर पोचला नाही तोच फळीच्या चिरफळ्या झाल्या. घरात सागाची आणखी एकच फळी उरली.

पाटाचं पाणी सोडणारा वरच्या वाडीचा पाटकरी बांधावर बसून हसला. “मोजा, मोजा हजार! तोवर आमचं भात कापणीला येईल.”

खालच्या वाडीत एक सून होती. तिची भाताची रोपं पिवळी पडू लागली होती; फार तर दोन दिवस तग धरतील, एवढीच. महादेवाला रोज हजार अक्षता मोजून वाहायच्या, असा तिचा नेम. त्या दिवशी अक्षता मोजता मोजता तिचा हात थांबला. ‘हजारच की हे!’

तिनं देवाला हात जोडले. “देवा, वाटे कळेपर्यंत मी इथून उठायची नाही.”

देवळाच्या फरशीवर तिनं तीन ढीग केले. पाचशे, पावणेचारशे, सव्वाशे. मग दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावल्या. मधल्या ढिगात एक दाणा उरला. तीन-तीन लावले, तर पहिल्यात दोन उरले. चार-चार लावले, तर शेवटच्यात एक उरला.

सुतार डोकावला. “सूनबाई, कशाला जीव आटवता? पहिल्याचे चार-चार करा, दुसऱ्याचे तीन-तीन. जिथं जे जमतं तिथं ते!”

“तसं केलं तर दोन्हीकडे सव्वाशेच पुंजके होतील, मामा. पाचशे आणि पावणेचारशे सारखे कसे? तिघांना माप एकच लागलं पाहिजे.”

पाय बधिर झाले होते, तरी तिनं सगळं मोडून पुन्हा मांडलं. आता पाच-पाच. तिन्ही ढिगांत एकही दाणा उरला नाही! शंभर, पंच्याहत्तर आणि पंचवीस पुंजके झाले.

“अजून आटतंय का बघू,” म्हणत तिनं पाच-पाच पुंजके एकत्र केले. वीस, पंधरा, पाच. पुन्हा पाच-पाच. चार, तीन, एक.

“आता थांबा,” सुतार म्हणाला.

“आता थांबतेच. एकाचं आणखी काय करणार? मामा, चार, तीन आणि एक मिळून किती?”

“आठ.” सुतारानं कपाळावर हात मारला. “अरेच्चा! आठच खाचा!”

दुसऱ्या दिवशी फळी पाटात बसली. पाटकरी आला, त्यानं हुकूम उघडून पाहिला. “हुकूम आणणारा हजार म्हणाला होता. आठ कुठं लिहिलंय?”

सुनेनं त्याच्यासमोर अक्षता ठेवल्या. “दादा, तुम्हीच लावा. आमच्या मोजण्यावर भरवसा ठेवू नका.”

पाटकरी बसला. पाच-पाच, पुन्हा पाच-पाच, पुन्हा पाच-पाच. तिसऱ्या खेपेला चार, तीन, एक झाले तसा तो उठला, पाटात उतरला आणि खालच्या वाडीकडे जाणाऱ्या चरीच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या हातानं काढला.

चार खाचांचं पाणी वर गेलं, तीन खाचांचं मधे, एकीचं खाली. तेवढं एका खाचेचं पाणीही रोपांना पुरलं, कारण ते रोज येऊ लागलं.

म्हणून सांगते, आकडा केवढाही मोठा दिसो, साऱ्यांना एकच माप लावून नेटानं तो लहान करत गेलं, की ज्याचा त्याचा खरा वाटा समोर येतो.