तिसऱ्या अंकातला हुंदका

"मास्तर, स्वतःचा धंदाच विसरून बसलेली येडपट बाई बघायचीय?"

रोकार मास्तरांनी मान वर केली नाही. गरम पाण्याच्या घमेल्यात दोन्ही तळवे बुडवून ते बसले होते.

"रोज एखादी येते," ते म्हणाले. "आज तू."

मेलानी दारातच उभी राहिली. वय चव्वेचाळीस, बुटांना दफनभूमीतला चिखल.

त्या काळी पॅरिसच्या ऑपेरात टाळ्या भाड्याने मिळायच्या. हसू मिळायचं, हुंदकेसुद्धा मिळायचे. रोकार मास्तर या भाडोत्री मंडळींचे मुकादम. त्यांनी काठी आपटली की ठरलेल्या जागी ठरलेल्या माणसाने हसायचं, नाहीतर रडायचं. मेलानीला रडायला त्यांनीच शिकवलं होतं. बावीस वर्षं ती रडत आली होती. राण्या मेल्या की रडायची, एकदा तर घोडा मेला तेव्हाही. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा मात्र शेजारणी म्हणाल्या, बाई जरा जास्तच करते.

"पुरून आलीस?"

"आले. सहा माणसं होती. त्यातले दोघे खड्डा खणणारे."

पुरलं होतं लाव्हेर्दींना. बारा ऑपेरा लिहिलेला माणूस. अकरा पडले. बाराव्यावर त्यांनी सगळा जीव लावला होता. त्याच्या तिसऱ्या अंकात एक आई बुडालेल्या मुलाचा सदरा धूत गाते. तिथे पहिला हुंदका मेलानीचा. तो फुटला की इतर चाळीस जणांचे, आणि मग टाळ्या.

पहिल्याच खेळाला तो हुंदका फुटला नाही.

"बोल," मास्तर म्हणाले.

"मी ऐकत बसले, मास्तर... नुसती ऐकत बसले. मांडीवर रुमाल, रुमालात कांदा, तसाच. तोंड उघडं. बाजारात हरवलेल्या गाईसारखी."

"मग?"

"मग काय... सगळं थिएटर गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. लाव्हेर्दीसाहेब पडद्याआड उभे होते. त्यांना वाटलं, हाही पडला. मॅनेजरलाही तेच वाटलं. दुसरा खेळ झालाच नाही."

पुढचं मास्तरांना ठाऊक होतं. लाव्हेर्दींनी थिएटरातली प्रतही मागून नेली. बाराही ऑपेरांचे कागद शेगडीत घातले. आठ दिवसांत स्वतःही गेले. आता त्यांचं म्हणून एक पानही कुठे नव्हतं.

"एक हुंदका, मास्तर. माझ्याकडे तेवढंच तर काम होतं." मेलानीने नाक पुसलं. "मी मारलं त्यांना. तुमची काठी मला ऐकूच आली नाही..."

मास्तरांनी तळवे पाण्याबाहेर काढले. पालथे केले, उताणे केले. पाणी निथळत राहिलं. त्यांनी पुसलं नाही.

"काठी वाजलीच नव्हती."

...

मेलानी खाली बसली. खुर्ची होती तिथे, पण ती जमिनीवर बसली.

"तुम्ही... तुम्हीसुद्धा?"

"सदरा धुऊन झाला, तेव्हा कळलं हातात काठी आहे ते."

घमेल्यातलं पाणी निवलं.

आधी मेलानीला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच लाज वाटली, आणि मग संताप आला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! थिएटर का गप्प बसलं, ते ठाऊक होतं तुम्हाला. आणि तो माणूस आठ दिवस जिवंत होता, मास्तर! आपण पडलो, असं समजून मेला तो. घर काय लांब होतं? जाऊन एक वाक्य सांगायचं नाही?"

"गेलो होतो."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी. शेगडी पेटायच्या आधी. टोपी काढून समोर उभा राहिलो. म्हटलं, साहेब, चाळीस वर्षांत काल पहिल्यांदा मी काठी आपटायला विसरलो."

"मग? काय म्हणाले?"

मास्तरांनी हात पुन्हा गार पाण्यात घातले.

"त्यांनी विचारलं, हे बोलायचे तुला कुणी किती पैसे दिले."