शेळ्यांची तालीम

एका गावात एक पैलवान होता आणि त्याची कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली होती. नाव शिद्राम. अंगात ताकद तेवढीच होती, फक्त समोर लढायला कोणी उरलं नव्हतं. अशा माणसावर घरच्यांनी जरा लक्ष ठेवावं. पण त्याची बायको अंजिराबाई दिवसभर कामात असायची.

त्यांच्याकडे चार-पाच शेळ्या होत्या. त्यात चांदी नावाची शेळी सगळ्यात महत्त्वाची, कारण घरातली नात मुक्ता तिच्या दुधावर होती. मुक्ता नुकती चालायला लागली होती. गाईचं दूध तिला पचायचं नाही आणि म्हशीचं ती तोंडात धरून दाराबाहेर जाऊन थुंकायची. चांदीचं मात्र वाटी चाटूनपुसून प्यायची.

एकदा बातमी आली, शेजारच्या गावात लांडगा आला आणि एक शेळी मेली. शिद्राम मुद्दाम बघायला गेला. बघतो तर शेळीच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही. लांडगा कुंपणाबाहेरून नुसता बघून निघून गेला होता. शेळी भीतीनेच गेली होती.

शिद्राम येताना वाटभर विचार करत आला. नुसत्या भीतीने मरायचं म्हणजे काय? घर येईपर्यंत त्याला उत्तर सापडलं. त्या शेळीला सवय नव्हती.

"तालमीत पहिल्या दिवशी मला पण भ्या वाटलं होतं," तो अंजिराबाईला म्हणाला. "रोज मार खाल्ला, तवा अंग घट्ट झालं. शेळ्यास्नी पण तालीम दिली पायजे."

अंजिराबाईला वाटलं, शेळ्यांना खुराक चालू होणार. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला शिद्रामने काळं घोंगडं पांघरलं, हात जमिनीला टेकवले आणि चार पायांवर गोठ्यात शिरून लांडग्यासारखा ओरडला. शेळ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. आसपासच्या घरांची दारं धडाधड बंद झाली. शिद्रामला समाधान वाटलं. पहिल्याच दिवशी एवढा परिणाम होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग रोज सांजेला लांडगा यायला लागला. वेळेवर यायचा, सुट्टी घ्यायचा नाही. सणाच्या दिवशी पुरणपोळी खाऊन आला, त्यामुळे थोडा हळू पळाला, पण आला. गावातली कुत्री आधी त्याच्यावर भुंकली. नंतर त्यांनी त्याला ओळखलं आणि शेपट्या हलवत त्याच्या मागे फिरायला लागली. दारं बंद करून बसलेल्या गावाला एवढंच ऐकू आलं, की लांडगा आता एकटा येत नाही, कळप घेऊन येतो.

लोक शिद्रामला म्हणायचे, पैलवान, तुमच्याच गोठ्याकडून आवाज येतो, जपून राहा. शिद्राम म्हणायचा, राहतो.

इकडे शेळ्या भलत्याच सावध झाल्या. अंजिराबाई शिंकली तरी उड्या मारायच्या. पान गळून पडलं तरी चरणं सोडून कान टवकारायच्या. शिद्राम म्हणाला, बघ, तयार व्हायला लागल्या. पण त्यांचे केस राठ झाले, पोटं बिघडली. समोर शेवरीचा हिरवा पाला टाकला तरी एक घास घेऊन दाराकडे बघत बसायच्या. रवंथ करायला तर त्या विसरल्याच. चांदी तांब्याभर दूध द्यायची, ती वाटीवर आली. मग वाटीचंही थेंबावर आलं. अंजिराबाईने त्याला हे बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, अजून कच्च्या आहेत. आणि त्याने सकाळचाही लांडगा सुरू केला.

त्यानंतर थंडी पडली आणि गावातल्या शेळ्यांना खोकला आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला हैबती नावाचा एक आळशी माणूस राहायचा. तो दिवसभर झोपायचा आणि त्याच्या शेळ्या त्याच्याभोवती झोपायच्या. त्याही खोकल्या, शेंबडाने नाकं भरली, थोडे दिवस कान पाडून बसल्या आणि पुन्हा चरायला गेल्या. हैबतीला त्या आजारी होत्या हे नंतर कळलं.

शिद्रामच्या तालीमबाज शेळ्या मात्र पहिल्याच झटक्यात आडव्या झाल्या. एक करडू गेलं. चांदीला उठता येईना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चांदीला इंजेक्शन दिलं, पोटाला कान लावला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"खोकला तोच आहे, जो सगळ्या गावात आहे," त्या म्हणाल्या. "पण हिच्यात झगडायला बळच उरलं नाही. जनावर सतत धास्तीत राहिलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, दूध आटतं, साधं दुखणंसुद्धा जिवावर बेततं. पैलवान, ही रोज कशाला घाबरते?"

अंजिराबाईने नवऱ्याकडे बघितलं. दारात गाव जमलं होतं.

"लांडगा येतो न्हवं रोज," शिद्राम म्हणाला.

आपण अगदीच खोटं बोललो नाही, असं त्याला वाटलं. पण गावाला हा शेवटचा पुरावा मिळाला. दिवस मावळायच्या आत कुठूनसा पिंजरा आला. पिंजऱ्यात लांडगा यायचा तर आत शेळी बांधायला हवी. कुणाची बांधायची म्हटल्यावर जो तो दुसऱ्याच्या गोठ्याकडे बोट दाखवायला लागला. मग हैबती जागा झाला.

"चांगली धडधाकट शेळी कशाला घालवायची?" तो म्हणाला. "चांदी तशी पण चाललीच हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी चांदीला उचललं. ती ओरडलीसुद्धा नाही. मुक्ता तिच्या मागे मागे चालत आली आणि आपली रिकामी वाटी पिंजऱ्याच्या गजांवर आपटायला लागली.

शिद्राम पुढे झाला. "शेळी ठिवू नका. आज लांडगा यायचा न्हाय."

"तुमास्नी काय म्हाईत?" हैबतीने विचारलं.

"लांडगा मीच हाय."

हैबती म्हणाला, शेळीच्या मायेपोटी माणूस काहीही बोलतो, आधी पुरावा दाखवा. मग शिद्राम भर उजेडात, सगळ्या गावासमोर चार पायांवर आला आणि ओरडला. चारी बाजूंनी कुत्री धावत आली आणि त्याच्या मागे ओळीत उभी राहिली.

गावाला पटलं आणि चांदीला परत गोठ्यात नेलं. पिंजरा आणलाच आहे तर रिकामा कशाला न्यायचा, असंही काही जणांचं म्हणणं पडलं. डॉक्टरीणबाईंनी कसंबसं सगळ्यांना घरी पाठवलं. औषध मी देते, त्या म्हणाल्या, पण निवांतपणा माझ्या पेटीत नाही, तो तुम्हालाच द्यावा लागेल.

शिद्राम म्हणाला, मी त्यांना घट्टच करत होतो.

"तुमच्या तालमीत मार होता, तसा खुराक पण होता," अंजिराबाई म्हणाली. "दुपारची झोप होती. अंग रगडायला माणूस होता. शेळ्यास्नी तुमी निस्ता मार दिला."

शिद्रामने विचारलं, आता मी काय करू?

"काय बी करू नका," अंजिराबाई म्हणाली.

हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो सांजेला गोठ्याच्या दारात नुसता बसायला लागला. समोर शेवरी टाकायची आणि गप बसायचं. हात हलवायचा नाही, आवाज काढायचा नाही. पहिल्यांदा शेळ्या मागच्या भिंतीला चिकटल्या. पैलवान काही करत नाहीये ही बातमी पसरली आणि लोक बघायला आले. अंजिराबाईने त्यांनाही हाकललं. हळूहळू एकीने मान पुढे केली, मग दुसरीने. चांदी उठून उभी राहायला लागली, पण त्याच्याजवळ मात्र यायची नाही.

एका सांजेला ती आली. त्याच्या गुडघ्याला पाठ लावून खाली बसली, डोळे अर्धे मिटले आणि रवंथ करायला लागली. नेमकी तेव्हाच शिद्रामला शिंक आली. त्याने उभ्या आयुष्यात मोठमोठे गडी खाली दाबून धरले होते. त्या शिंकेएवढा जड गडी त्याला कधी भेटला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली, पण त्याने ती दाबली. चांदीचं रवंथ चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीचा तळ झाकेल एवढं दूध निघालं. मुक्ताने ते एका घोटात संपवलं आणि वाटी परत आजोबांपुढे धरली.

"थांब बाळा," शिद्राम हळू आवाजात म्हणाला. "तिला घाई न्हाय करायची."

तात्पर्य: रोज भीती दाखवून कोणी धीट होत नाही, नुसतं आतून झिजतं. ज्याला बिनघोर खायला आणि झोपायला मिळतं, तेच जनावर आजारातून उठतं. माणसाच्या पोरांचंही असंच असतं.