गाडी न आलेली विद्या

नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना फारशी घाईही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी पाठशाळा होती. शिक्षण पुरं झालं की निरोपाच्या दिवशी गावोगावच्या बैलगाड्या फाटकाशी येत. ज्या गावाला जी विद्या हवी, ती शिकलेला माणूस ते गाव घेऊन जाई.

म्हाळसा जुन्या शिलालेखांची लिपी शिकली होती. तिनं ती निवडली तेव्हाच गुरुजी म्हणाले होते, "पोरी, हिला गाड्या कमी येतात."

"येईल की एखादी!" म्हाळसा हसली होती.

निरोपाच्या दिवशी वैद्यकी शिकलेल्यांसाठी चार गाड्या आल्या. विहिरी बांधणाऱ्याला तर दोन गावं दोन्ही हातांनी ओढू लागली. संध्याकाळी फाटक ओस पडलं. म्हाळसा गाठोडं घेऊन आठ दिवस तिथंच बसून राहिली. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. महिनाभरात गाव मिळालं नाही, तर वडील तिला घरी नेणार होते. मग शिकलेलं सगळं चुलीपुढे विसरायचं.

"गुरुजी, माझी विद्या फुकट गेली का?"

"विद्या नाही, हे आठ दिवस फुकट गेले," गुरुजी म्हणाले. "ताप आला की वैद्य हवा, हे कुणालाही कळतं. लिपी वाचणारं कुणी हवं, हे गावाला कळतच नाही. ते तूच जाऊन सांगायला हवं."

म्हाळसा निघाली. दहा गावांनी तिला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. अकराव्या गावाच्या वेशीवर दोन गावं काठ्या घेऊन समोरासमोर उभी होती. मधे शेंदूर फासलेला दगड होता. देव ज्या गावाचा, कुरण त्या गावाचं, असा तंटा होता.

म्हाळसानं देवाला हात जोडले. मग दगडामागं जाऊन कोरलेल्या अक्षरांवरचं शेवाळ खरवडलं आणि मोठ्यानं वाचलं, "हे कुरण दोन्ही गावांच्या गुरांचं. जो अडवील, त्यानं सात पिढ्या दुसऱ्याची गुरं राखावीत."

"हिचं खरं कशावरून?" कुणी तरी ओरडलं.

"समोरचा शेंदूर काढा. खाली दोन गाई कोरल्यात, असं इथंच लिहिलंय."

शेंदराचा थर निघाला. एकाच पेंढीला तोंड लावलेल्या दोन गाई दिसल्या. काठ्या खाली आल्या.

"अन् आम्ही इथं नारळ सोडून डोकी फोडत बसलो!" एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला.

दोन्ही गावांनी म्हाळसाला ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी निरोपाच्या दिवशी त्यांचीच गाडी फाटकाशी आली, आणखी एक लिपी वाचणारा न्यायला. गाडीत म्हाळसा होती. एका नव्या मुलीनं तिला विचारलं, "ताई, मीही लिपीच शिकू का?"

म्हाळसानं आपल्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या. "जरूर शीक. पण आधी एक चांगली वहाण शिवून घे."

तात्पर्य: विद्या आवडीची घ्यावी, मात्र तिच्या वाटेवर गाडी मिळेल की पायी जावं लागेल, हे निवडतानाच जाणून घ्यावं.