मोकळं टोक

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर रुसला.

गुरुजी वृद्ध होते. तालुक्याच्या गावी ते तरुण मुलांना संगणक एकमेकांना जोडण्याची विद्या शिकवत. शिष्य त्यांचा फार लाडका होता, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

बाजारपेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने त्याला पहिलं स्वतंत्र काम दिलं. पेढीवरचा संगणक, वजनकाट्याचा संगणक, गोदामातला संगणक आणि पावत्या छापणारा प्रिंटर एकत्र जोडायचे. "काम पक्कं झालं तर पेठेतल्या सगळ्या दुकानांचं तुलाच देववीन," व्यापारी म्हणाला होता.

शिष्याने जीव ओतून काम केलं. सगळ्या तारा पेढीच्या आतल्या खोलीत भिंतीवरच्या एका छोट्या पेटीत आणून लावल्या. या पेटीला स्विच म्हणतात. एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचवणं हे तिचं काम. पुढेमागे नवा संगणक आला तर असावी म्हणून त्याने एक तार जास्तीची ठेवली. तिचं एक टोक पेटीत बसवलं, दुसरं पेटीखाली मोकळं सोडलं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीनचे ट्रॅक्टर पेढीसमोर रांगेने उभे राहिले, आणि एकही पावती निघेना. कोणताच संगणक दुसऱ्याचं ऐकेना.

शिष्य धावत आला. त्याने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. क्षणभर चाललं, पुन्हा ठप्प. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि झेंडूची भरगच्च माळ. ती बाजूला करून पाहावं हे त्याच्या मनातही आलं नाही. पूजेला हात कसा लावायचा?

"काय इंजिनियरसाहेब," व्यापारी म्हणाला, "आमच्या पावतीपुस्तकाने कधी दसऱ्याची सुट्टी घेतली नव्हती!" मग त्याने दारातूनच शेजारच्या दुकानाकडे तोंड करून हाळी दिली, "अहो, पोराचं काम कच्चं आहे! तुम्ही घाई करू नका!"

दुपारपर्यंत ते वाक्य सगळ्या पेठेत फिरलं. शेवटी शिष्याने गुरुजींना बोलावून घेतलं.

गुरुजी आले, शिष्याशेजारच्या खुर्चीवर टेकले आणि पेटीकडे पाहत राहिले. तिचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते. व्यापारी तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरवाल्यांची समजूत काढायला गेला. त्याच्या वृद्ध आई, माई, चहा घेऊन आल्या.

"पूजा तुम्ही केलीत का, माई?" गुरुजींनी विचारलं.

"मीच केली. तारासुद्धा एकेक पुसून घेतल्या. एक बिचारी खाली लोंबत होती बघा. सणासुदीचं बरं दिसतं का ते? तिला बसवली जागेवर."

गुरुजींनी पेटीला हात जोडले आणि माळ अलगद उचलली. जास्तीच्या तारेची दोन्ही टोकं त्याच एका पेटीत होती. त्यांनी माईंच्या नकळत एक टोक उपसलं. दिवे शांत झाले, आणि प्रिंटर भराभर पावत्या टाकू लागला. माई "आली गं बाई गाडी रुळावर" म्हणत समाधानाने आत गेल्या.

व्यापारी आत आला. "काय झालं होतं, गुरुजी?"

"तारेत फेरा पडला होता. काढला."

"पाडला कोणी?"

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. "चहा फार छान झालाय."

व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिलं. "म्हणजे पोराचंच काम कच्चं!" गुरुजींनी बशीत आणखी चहा ओतला, पण बोलले नाहीत.

रुसवा तो हाच. परतताना गुरुजींनी खारे शेंगदाणे घेऊन पुडी पुढे केली. शिष्याने मान फिरवली.

"भूक नाही की मी नको?"

"तुम्हाला माहीत होतं ते कोणी केलं. सांगितलं का नाहीत? माझं नाव गेलं!"

गुरुजी एका ओट्यावर बसले. "संगणकाला प्रिंटर सापडत नसला की तो हाक मारतो, 'प्रिंटर कुठे आहे?' पेटी ती हाक तारांच्या सगळ्या दारांतून बाहेर पाठवते. आज काय झालं?"

शिष्य घुश्शातच म्हणाला, "एका दारातून गेलेली हाक त्या जास्तीच्या तारेने फिरून दुसऱ्या दारातून परत आत आली. पेटीला वाटलं, नवीच आहे. तिने पुन्हा सगळीकडे पाठवली. हाकाच हाका झाल्या. खरं काम जायला वाट उरली नाही."

"त्यात हाकेची काही चूक होती का? पेटीची होती का? दोघांनी आपापलं काम केलं. चुकलं इतकंच, की ती कुठे थांबेल अशी जागाच राहिली नव्हती." गुरुजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाळ, पेठ म्हणजे अशीच एक पेटी आहे. तुझं काम कच्चं, हे वाक्य सकाळपासून फिरतंय. त्यात मी माईंचं नाव सोडलं असतं, तर संध्याकाळी ते फिरून त्यांच्याच कानावर आलं असतं. त्या माउलीने मायेने तार पुसली होती रे. माझ्यापाशी येऊन ते थांबलं. कोणाला तरी मोकळं टोक व्हावं लागतं."

शिष्याने विचारलं, "पण मग माझं काम?"

"तुझं काम उत्तम आहे. एकच राहिलंय. शेठजींना तू सगळं समजावलंस. ती पेटी रोज जो हात पुसतो, त्याला काय सांगितलंस?"

शिष्याने पुडीतले चार शेंगदाणे उचलले.

दुसऱ्या दिवशी तो माईंपाशी जाऊन बसला. कोणती तार कुठे जाते, निरोप कसा फिरतो, ते त्याने बोट ठेवून दाखवलं. माई चष्मा सावरत ऐकत होत्या. तो जास्तीच्या तारेपाशी आला. "ही मात्र अशीच मोकळी ठेवायची, माई. दोन्ही टोकं आत गेली की सगळं अडतं."

माई थबकल्या. "म्हणजे काल..."

"काल फेरा पडला होता. निघाला."

माई पदराला हात पुसून थेट बाहेर पेढीवर गेल्या. मुलगा चार व्यापाऱ्यांत बसला होता.

"अरे, ती तार मी खोचली होती. पोराचं काम पक्कं आहे. परवाची पूजा मला नडली आणि बोल त्याला लागला. काल ओरडून सांगितलंस ना? आता हेही तसंच ओरडून सांग."

"माई, तुम्ही इंजिनियर कधी झालात?" एकाने विचारलं.

"आत्ताच! तुमच्या दुकानात येऊ का बघायला?"

सगळे हसले. व्यापारी कानशिलं चोळत उठला, दारात गेला आणि त्याने खरोखरच हाळी दिली. मग शिष्याला म्हणाला, "शेजारच्यांकडे सोमवारी येशील ना?"

संध्याकाळी शिष्य गुरुजींकडे परतला. चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"काय झालं रे पेढीवर? कोण काय म्हणालं?" गुरुजींनी विचारलं.

शिष्य त्यांच्या पायाशी बसला आणि हसून म्हणाला, "चहा फार छान झाला होता."

गुरुजींनी शेंगदाण्यांची पुडी त्याच्यापुढे सरकवली.