आजोबांचा झोपाळा

एका सेवाभावी संस्थेच्या मासिकासाठी चित्रकार कुंदा आगलावे आपल्या गावच्या जुन्या प्लेगची खरी हकीकत चित्रकथेत रंगवत होती. प्रत्येक चित्राखाली पुरावा छापायचा, हा अध्यक्ष दादासाहेब घारपुरे यांचाच कडक नियम. तेच एके दिवशी गुरगुरले, "रोग्याला खांद्यावर घेतलेले आमचे आजोबा पहिल्याच पानावर हवेत. जमत नसेल तर दुसरा चित्रकार बघतो!"

"जमेल की! पुरावाही तुम्ही दिलेल्या घरच्या जुन्या कागदांच्या पेटीतच सापडलाय," म्हणत कुंदाने आजोबांचं पत्र वाचलं. "'गावात प्लेग आहे. साथ सरेपर्यंत मी सासुरवाडीलाच राहतो. इथला झोपाळा झकास आहे.' आता सांगा दादासाहेब, झोपाळ्यावर रोग्याला आजोबांच्या उजवीकडे बसवू की डावीकडे?"

अंक वेळेवर निघाला. आजोबा मात्र पहिल्या पानासाठीही सासुरवाडीहून काही परतले नाहीत.