श, स आणि विहिरीवरची शिळा

फार पूर्वी, इब्री लोकांच्या, म्हणजे यहुद्यांच्या पूर्वजांच्या, देशात अजून राजा नव्हता, तेव्हाची गोष्ट. एकाच बापाच्या बारा मुलांपासून वाढलेल्या बारा टोळ्या तिथे राहत होत्या. कुणी डोंगरात, कुणी जैतुनाच्या मळ्यांत, कुणी वाळवंटाच्या कडेला. बाप एक, देव एक, तरी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हत्या. भांडण कशावरून झालं, हेही कुणाला धड आठवत नव्हतं.

देशाच्या मधोमध त्या बापाने खणलेली विहीर होती. तिच्यात वाळू जाऊ नये म्हणून त्याने तोंडावर भलीमोठी शिळा ठेवली होती आणि शिळेला बारा दोर बांधले होते. बाराही टोळ्यांनी एकदम ओढलं तरच ती सरकायची. बाप आपल्या पोरांना ओळखून होता.

एका वर्षी सगळे ओढे आटले. नाइलाज झाला, तेव्हा बाराही टोळ्या विहिरीवर आल्या आणि त्यांनी दोर हातात घेतले.

उत्तरेच्या नायकाने हाक दिली, "हैश्शा!"

उत्तरेच्या सहा टोळ्यांनी ओढलं. दक्षिणेच्या सहा टोळ्या तशाच उभ्या. मग दक्षिणेच्या नायकाने हाक दिली, "हैस्सा!" आता दक्षिणेच्यांनी ओढलं आणि उत्तरेचे उभे. शिळा डुगडुगली आणि पुन्हा जागच्या जागी बसली.

"हैस्सा?" उत्तरेचा नायक हसला. "दात पडले काय रे तुझे? असल्या अशुद्ध हाकेला आमचे हात चालत नाहीत."

"माझ्या आईने मला हैस्साच शिकवलं," दक्षिणेचा नायक लाल होऊन म्हणाला. "माझ्या आईला अशुद्ध म्हणतोस? तुमच्या हाकेवर आम्ही बोटसुद्धा हलवणार नाही!"

ऐकलंत? मेंढ्या माना टाकत होत्या, म्हाताऱ्यांच्या जिभा टाळूला चिकटत होत्या, पायाखाली गार पाणी होतं, आणि ही पिकल्या दाढीची माणसं एका अक्षरावर अडून बसली होती! दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसराही तहानेने मरत होता.

त्या गर्दीत एक बाई होती. माहेर दक्षिणेचं, सासर उत्तरेचं. दक्षिणेचा नायक तिचा बाप आणि उत्तरेचा नायक तिचा सासरा. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि तिचं दूध आटलं होतं.

ती सासऱ्याकडे गेली. "मामंजी, नातवाकडे बघा. एकदा त्यांच्या हाकेवर ओढा."

"तुझ्या बापाला सांग, एकदा 'श' म्हण म्हणावं. लगेच ओढतो."

ती बापाकडे गेली. "बाबा, एक अक्षर म्हणा हो!"

"प्रश्न अक्षराचा नाही, पोरी. मानाचा आहे."

मान! पोराचे ओठ फुटले होते आणि आजोबांना मान हवा होता.

बाई वळली ती थेट शिळेपाशी जाऊन उभी राहिली. बाळाला दोन्ही हातांत उंच धरून ती ओरडली, "धरा दोर, सगळ्यांनी! आता हाक हा देईल. ह्याला 'श'ही येत नाही आणि 'स'ही येत नाही. हा रडला की ओढा. आणि ज्याला ह्याचं रडणंही अशुद्ध वाटेल, त्याने खुशाल दोर सोडावा!"

कुणीच दोर सोडला नाही. सगळे कान देऊन उभे राहिले.

पण बाळ रडेना. रडण्याएवढंही पाणी त्याच्या अंगात उरलं नव्हतं.

दक्षिणेचा नायक दोर न सोडता बाळाकडे वाकला. "व्याही, रडेल ना हो तो?"

"रडेल, रडेल," उत्तरेचा नायक म्हणाला.

"रड रे माझ्या राजा," दोघेही विनवू लागले. "एकदा रड!"

कितीतरी वेळाने बाळाने तोंड वाकडं केलं आणि एक बारीक टाहो फोडला. बाराही दोर एकदम ताणले गेले. शिळा करकरत बाजूला सरली आणि खालचा गारवा सगळ्यांच्या तोंडावर आला.

पाणी वर आलं. बाईने पहिले थेंब बाळाच्या ओठांवर सोडले. बाळ चुटुचुटु पिऊ लागलं, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

तेवढ्यात उत्तरेचा नायक घसा खाकरून म्हणाला, "तरी पण, बाळ रडलं ते 'श'वरच, बरं का!"

बाईने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला. "मामंजी, आधी तोंडभर घोट घ्या. आणि तो न गिळता म्हणून दाखवा, श की स."

त्याने म्हणून पाहिलं. सगळं पाणी दाढीवर सांडलं. बाराही टोळ्या पहिल्यांदा एकत्र हसल्या, आणि म्हाताऱ्याने मान खाली घातली.

पुढे त्यांनी एक राजा निवडला आणि एक राज्य झालं. राजाने टोळ्या जोडल्या, असं भाट गातात. साफ खोटं! राजा आला तो तयार घरात आला. जोडलं ते त्या टाहोने. म्हणून त्या विहिरीवर पुढे कुणीही नायक हाक देत नसे. ज्या टोळीत सगळ्यांत तान्हं मूल असेल, तिथून ते आणलं जाई, आणि ते रडेपर्यंत राजालाही दोर धरून उभं राहावं लागे.

तात्पर्य एवढंच: घरचं लेकरू तहानलेलं असताना जो दुसऱ्याचे उच्चार तपासत बसतो, त्याची भाषा कितीही शुद्ध असो, तो माणूसच अशुद्ध.