दिव्यात दोष नव्हता

समुद्रापासून फार दूर, घाटाच्याही वर असलेल्या एका शहरात मार्तंड नावाचा कारागीर राहत असे. बिघडलेले दिवे दुरुस्त करणे हे त्याचे काम. दवाखान्यातला दिवा असो, नाटकाच्या रंगमंचावरचा असो की कुणाच्या देवघरातला, मार्तंडच्या हाताखालून गेला की तो उजळलाच पाहिजे. या कामात त्याचा हात धरणारा शहरात दुसरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलेच ठाऊक होते. दुरुस्त झालेला दिवा तो नेहमी पूर्ण तेजावर लावून मालकाच्या हवाली करी. लख्ख उजेड पडला की मालकाचा चेहरा खुलत असे. तो खुललेला चेहरा पाहण्याची मार्तंडला गोडी लागली होती.

त्याच शहरात अच्युतराव नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे सारे आयुष्य बंदरावर नोकरीत गेलेले. निवृत्त होऊन गावी परतले, पण समुद्रावाचून त्यांना करमेना. म्हणून त्यांनी दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी बसवून घेतली, तिच्यात खारे पाणी भरले, आणि एका मित्राने दिलेला प्रवाळाचा बोटाएवढा तुकडा आतल्या खडकावर लावला. प्रवाळ दिसते झाडासारखे, पण ती असते जिवंत प्राण्यांची वसाहत, आणि ती पोसली जाते मुख्यतः उजेडावर. अकरा वर्षांत तो तुकडा परातीएवढा पसरला. रंग तपकिरी, कडेला सोनेरी. अच्युतरावांना मूलबाळ नव्हते. पत्नी गेल्यावर तर ते प्रवाळ त्यांना जीव की प्राण झाले.

टाकीची रोजची उस्तवार सगुणाबाई करी. ती त्या घरी बारा वर्षे कामाला होती. आटलेल्या पाण्याची भर घालणे, काच पुसणे, माशांना दाणे टाकणे, सगळे तिच्याकडे. टाकीची बादली ती वेगळी ठेवी आणि तिला साबणाचा वाससुद्धा लागू देत नसे.

एका वर्षी टाकीवरचा दिवा मंद होऊ लागला. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडून दिव्याच्या आत मीठ साठत गेले होते, आणि त्या मिठाने आतले जोड खाल्ले होते. उजेड जसजसा कमी होई, तसतसे अच्युतराव दिव्याचे बटण थोडे पुढे फिरवीत. पाच-सहा महिन्यांत बटण शेवटाला जाऊन टेकले, तरी टाकीत अंधूकच दिसे. शेवटी त्यांनी मार्तंडला बोलावले.

मार्तंडने दिवा उतरवून दुकानात नेला. खरवडून सगळे मीठ काढले, सडलेल्या तारा बदलल्या, विझलेल्या जागी नवे बारीक दिवे बसवले. पुन्हा खारे पाणी आत जाऊ नये म्हणून फटी बुजवल्या. काम अगदी मनापासून केले, त्यात कसूर नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने दिवा टाकीवर चढवून कळ दाबली.

बटण होते तिथेच होते, शेवटाला. मार्तंडने ते पाहिलेही. पण टाकीचा कोपरा न् कोपरा झळाळत होता आणि अच्युतराव लहान मुलासारखे हसत होते. अशा वेळी उजेड कमी करायला हात पुढे करील तो मार्तंड कसला! त्याने हत्यारे गोळा केली आणि कौतुक ऐकत तो घरी गेला.

इतके महिने मिणमिणत्या उजेडाची सवय झालेल्या त्या जिवावर एकाएकी भर दुपारचे ऊन कोसळले होते.

आठ दिवसांनी त्याला पुन्हा बोलावणे आले. प्रवाळ पांढरे पडू लागले होते. अच्युतरावांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "मार्तंड, स्पष्ट सांगा. दिव्यात काही दोष राहिलाय का?"

सगुणाबाई ओले फडके हातात घेऊन तिथेच उभी होती.

मार्तंडने दिवा उघडून तपासला, मीटर लावून पाहिला. मग वाकून टाकीत पाहिले. दिव्याच्या थेट खाली आलेले प्रवाळ पांढरे पडले होते. खडकाच्या पुढे आलेल्या कडेची सावली पडत होती, तेवढ्या भागात मात्र ते जसेच्या तसे तपकिरी होते. पांढऱ्या भागाची कड सावलीच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. पाणी बिघडले असते तर सावलीतलेही वाचले नसते. ज्याचा जन्म दिव्यांत गेला त्याला याहून वेगळा पुरावा नको होता. हे उजेडाने केले होते, आणि तो उजेड त्यानेच सोडला होता.

एकच वाक्य बोलायचे होते. पण त्या वाक्याने वीस वर्षांचे नाव जाईल असे त्याला वाटले.

"दिव्यात काही दोष नाही," तो म्हणाला.

हे खोटे नव्हते. दिवा उत्तम चालत होता. बटण मात्र त्याने शेवटालाच राहू दिले; ते मागे फिरवले असते तर कारण सांगावे लागले असते.

अच्युतराव सगुणाबाईकडे वळले. "म्हणजे पाण्यातच काहीतरी गेलंय. साबणाचा हात घातलात ना तुम्ही?"

"न्हाई, साहेब. बारा वर्सांत कदी घातला न्हाई."

"दिवा ठीक आहे, माशांचं खाणं तेच आहे. मग उरलं कोण? उद्यापासून येऊ नका."

सगुणाबाईने मार्तंडकडे पाहिले. तो मान खाली घालून पिशवीत हत्यारे भरत होता. तिने फडक्याची घडी केली, ती टाकीशेजारी ठेवली आणि ती निघून गेली.

मार्तंडने स्वतःची समजूत घातली. आपण कुणाचे नाव घेतले नाही. जे विचारले त्याचे खरे तेच उत्तर दिले. अशी समजूत घालायला फारशी हुशारी लागत नाही. फक्त ती रोज नव्याने घालावी लागते. मार्तंडने ती आणखी आठ दिवस घातली.

मग अच्युतरावांचा निरोप आला, "आणखी एक दिवा घेऊन या. प्रवाळाला उजेड कमी पडत असावा."

मार्तंड नवा दिवा घेऊन गेला. टाकीच्या काचेवर हिरवट थर चढला होता. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळावरही शेवाळ धरू लागले होते. अच्युतराव त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "या घरात विश्वास ठेवावा असे तुम्ही एकच उरलात."

दुसरा दिवा लागला की सावलीत उरलेला जीवही जाणार, आणि तो आपल्याच हाताने जाणार, हे त्याला लख्ख दिसत होते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने नवा दिवा खाली ठेवला आणि जुन्याचे बटण पार मागे फिरवले. टाकीत मंद उजेड राहिला.

"अच्युतराव, हे माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "तुमच्या प्रवाळाला मंद उजेडाची सवय झाली होती. मी एकदम सगळा उजेड सोडला. तो थोडा थोडा वाढवायला हवा होता. सगुणाबाईंचा यात काही संबंध नाही."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही. त्याच दिवशी कळलं होतं."

"ती समोर उभी असताना?"

"हो."

अच्युतराव खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी तरी तिचं कुठं ऐकलं? मी नुसतं ठरवून मोकळा झालो. चला, तिच्याकडे जाऊ."

सगुणाबाई एका खानावळीत भाकऱ्या थापत होती. मार्तंडने तिच्यापुढे सगळे सांगितले, काही लपवले नाही. तिने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "जगंल का ते?"

"सावलीतलं जगेल. बाकीचं सांगता येत नाही," मार्तंड म्हणाला.

अच्युतरावांनी हात जोडले. "चुकलो मी, सगुणाबाई. परत या."

"तुमचा जीव गुतला हुता त्यात, साहेब. तुमाला काई सुचत न्हवतं," ती म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मार्तंडकडे पाहिले. "पर भाऊ, तुमाला ठावं हुतं. माज्या पोरीनं मला इच्यारलं, आई, खरंच घातलास का गं हात? पयल्या दिशी मी न्हाई म्हनाले. मग माजं मलाच वाटाय लागलं, चुकून घातला बी आसंल. आठ दिस मी माज्याच हाताचा वास घिऊन बगतीया."

मार्तंडला तिच्या हातांकडे पाहवेना.

उजेड आठवड्याआठवड्याने थोडा थोडा वाढवला गेला. सावलीतले प्रवाळ जगले, पांढरे पडलेले बहुतेक गेले. सगुणाबाई त्या घरी परत कामाला गेली नाही.

तात्पर्य एवढेच: आपल्या चुकीचा ठपका निरपराध माणसावर पडत असताना जो गप्प राहतो, त्याचा शब्द न् शब्द खरा असला तरी तो खोटेच वागलेला असतो, आणि उशिरा दिलेल्या कबुलीने आळ पुसला जातो, पण त्या माणसाने मधल्या काळात सोसलेले पुसता येत नाही.